घड्याळ, छत्री, केळं

"आजोबा, मी आता तीन शब्द सांगणार आहे. नीट ऐकायचे, लक्षात ठेवायचे आणि मी विचारलं की परत सांगायचे. चालेल?"

डॉ. वैदेही टिळेकर यांचा आवाज बालवाडीतल्या बाईंसारखा होता. बा खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता. चपला त्याने सांगूनही दाराबाहेरच काढल्या होत्या, आणि टोपी मांडीवर उलटी धरली होती, आत काही लपवलेलं नाही हे दिसावं तशी.

"घड्याळ," डॉक्टर म्हणाल्या. "छत्री. केळं. म्हणा बरं."

बाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"त्यातलं काय बी म्या न्हाई घेतलं, बाईसाहेब."

"घ्यायचं नाहीये हो काही. नुसतं म्हणायचंय."

"न्हाई घेतलं. आईची आन."

डॉक्टर माझ्याकडे पाहून हसल्या. "किती गोड आहेत," असं त्या ओठांनीच म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग वार विचारला. बा म्हणाला, "हजेरीचा." महिना विचारला, तर तो गप्प. शंभरातून सात वजा करायला सांगितलं तेव्हा तो छताकडे बघत राहिला. मग त्यांनी सहज विचारलं, "बरं, काल संध्याकाळी कुठे होतात तुम्ही, आजोबा?"

टोपी खाली पडली. बाने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि कोपरं कानांशी घट्ट आवळली. "घरात व्हतो. पोरीला इचारा. घरातच व्हतो."

"अहो, घाबरताय काय? बरं, राहू दे ते. मघाशी मी तीन वस्तू सांगितल्या होत्या. कोणत्या होत्या?"

तो काही बोलला नाही. डॉक्टरांनी त्या रकान्यात लिहिलेलं मला उलट्या बाजूनेही वाचता आलं: तीनपैकी शून्य.

"कुठे नोकरीला होते?"

"सरकारी," मी म्हणाले. "हजेरीची सवय आहे त्यांना."

"कारकून?"

"तसंच काहीतरी."

डॉक्टरांनी कागदाची प्रत माझ्या हातात दिली. आजार वाढत जाणार, संध्याकाळी अस्वस्थता जास्त राहील, एकटं सोडू नका, वगैरे सांगितलं. निघताना त्या म्हणाल्या, "घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचं. आपल्यात एवढं बरं असतं, माणसं असतात."

'आपल्यात' या सर्वनामावर मी एक प्रबंध लिहू शकले असते. त्याऐवजी मी आभार मानले.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. त्या दिवसाबद्दल मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही. लिहिण्याचाच धंदा असलेल्या बाईने हे सांगावं, यात काय ते समजून घ्यावं.

आम्ही फासेपारधी. बाचा जन्म सोलापूरच्या सेटलमेंटमधला, तारेच्या कुंपणाच्या आतला. सरकारने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या आणि त्यांना तिथे ठेवलं होतं. दिवसातून ठरल्या वेळी उभं राहून नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं, ही त्याची पहिली शाळा, आणि शेवटचीही. ज्या पहाटे धाड पडली त्या पहाटे तो जन्मला, म्हणून आजीने त्याचं नाव फौजदार ठेवलं. देशाला स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाल्यावर तो कायदा गेला. हजेरी गेली नाही. पुढची तीस वर्षं बा ज्या गावाच्या शिवेवर पाल टाकी, तिथल्या पाटलाकडे आधी नाव सांगायला जाई. त्या कायद्याच्या सगळ्या आवृत्त्या मी पुराभिलेखागारात बसून वाचल्या आहेत, दुरुस्त्या आणि तळटिपांसकट. मी तो वाचला होता. बाला तो पाठ होता.

मी जन्मले तालुक्याच्या मामलेदार कचेरीच्या आवारात. बाला आत डांबलं होतं आणि आई त्याला सोडवायला गेली होती. म्हणून मी कचेरी. आश्रमशाळेतल्या एका सज्जन गुरुजींनी दाखल्यावर कस्तुरी लिहिलं. आडनाव काळेच राहिलं, आणि या आडनावाचे उपकार मी विसरणार नाही. या राज्यात ब्राह्मणांतही काळे आहेत, मराठ्यांतही आहेत. ज्याला जे वाटलं ते मी वाटू दिलं. वीस वर्षं विद्यापीठात शिकवताना मी एकदाही खोटं बोलले नाही. कुणी विचारायची गरजच समजली नाही, इतकं माझं मराठी शुद्ध होतं.

बा माझ्याकडे आला तो आई गेल्यावर. भाऊ बार्शीकडे गायरानात राहतो. तो म्हणाला, "तू साहेबीण झालीस, तुझ्याकडं भिंती हायेत. माझ्याकडं हा रात्रीत कुठं बी जाईल." त्याचं खरं होतं. पण भिंती असल्या म्हणजे कडीही लागते, आणि बाहेरून कडी घातली की बा दारावर डोकं आपटून घेई. बंद दार त्याच्या लेखी कोठडीचंच होतं. दिवसभराला बाई ठेवावी तर एजन्सीवाल्याने फोनवर विचारलं, "जेवणाखाण्याच्या दृष्टीनं विचारतो, आपण कोण?" मी फोन ठेवला. बाई आली असती तर तिने बाची बोली ऐकली असती. मराठी त्याच्याकडून दिवसेंदिवस गळत चाललं होतं आणि तळाची आमची बोली वर येत होती. आम्ही दोघं ती बोलत असू खिडक्या लावून, उन्हाळ्यातही.

म्हणून मी सकाळचे तास मागून घेतले. दुपारनंतर घरी. पाच वाजले की बा उठून सदऱ्याची बटणं लावायला लागे. "हजेरी चुकंल." पहिले काही दिवस मी अडवलं. मग एकदा कंटाळून त्याला आमच्या वसाहतीच्या पोलीस चौकीपर्यंत घेऊन गेले. तिथे मुल्ला नावाचे वयस्क हवालदार होते, निवृत्तीला वर्ष राहिलेले. त्यांना मी सांगितलं, वडील सरकारी नोकरीत होते, हजेरीची सवय सुटत नाही. मुल्लांनी एक जुनी रेघी वही काढली, तारीख-वेळ टाकली आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं.

"नाव?"

"फौजदार."

"वा. आमच्या चौकीला एक फौजदार पुरत नव्हता, आता दोन झाले. लावा अंगठा."

बाने अंगठा लावला, आणि त्या रात्री तो गाढ झोपला. पुढे रोजचं झालं. उशीर झाला की मुल्ला म्हणत, "काय फौजदार, आज रजा टाकली का?" बा म्हणे, "रजा कुठली साहेब, मेल्यावर." मग मुल्ला त्याला बाकावर बसवून चहा पाजत. एखाद्या दिवशी मला यायला जमलं नाही तर बा एकटाही जाऊन येई. चौकी दोन गल्ल्यांवर होती.

तर त्या दिवशी डॉक्टरांकडून परतल्यावर बा जेवून पडला होता. तीनच्या सुमाराला समोरच्या उज्ज्वलाताई मेहेंदळे आल्या. बसल्या आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. काल ते दोघं लग्नाला गेले होते. चार ते सहाच्या दरम्यान मागच्या दाराची कडी उचकटून कुणीतरी आत शिरलं होतं. चार बांगड्या गेल्या होत्या.

"आणि ह्यांचं घड्याळ," त्या हळू म्हणाल्या. "निवृत्तीचं. पण ते कुणाला बोलू नका हं. पोलीस म्हणालेत, घड्याळाचा उल्लेख बाहेर करायचा नाही, माल पकडायला बरं पडतं."

मी चहा ठेवला.

"कुणाचं काम असेल?" मी विचारलं.

"कुणाचं काय? पुलाखाली पालं पडलीत बघितलीत ना? पारधी. मी नव्या साहेबांना सांगितलं, दुसरं कुणी नाही. त्यांच्या रक्तातच असतं ते. साखर कमी घाला हं मला." त्यांनी कप घेतला. "तुम्ही आपल्या बाबांना एकटं सोडू नका, कस्तुरी. ही माणसं म्हाताऱ्यांनासुद्धा सोडत नाहीत."

आतल्या खोलीत बाची कूस बदलल्याचा आवाज आला. तो झोपलेला नव्हता. उज्ज्वलाताई आणखी अर्धा तास बसल्या. जाताना फोडणीच्या मिरच्यांची वाटी ठेवून गेल्या. माणूस म्हणून त्या वाईट नव्हत्या. हे वाक्य मी आयुष्यात अनेकांबद्दल म्हटलं आहे.

दार लावल्यावर मी हिशेब केला. काल चारला माझी विभागाची बैठक होती. मी साडेसहाला घरी आले. बा उंबऱ्यात बसलेला होता. चपलांना चिखल होता. "कुठं होतास?" या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं नव्हतं, आणि मीही पुन्हा विचारलं नव्हतं.

मी त्याच्या खोलीत गेले आणि अंथरूण आवरायला घेतलं. गादी उचलली, कारण तिला ऊन दाखवायचंच होतं. उशीचा अभ्रा काढला, तो धुवायला झालाच होता. त्याची पत्र्याची पेटी उघडली आणि आतले कपडे एकेक झटकून पुन्हा घडी घातले. आईचं लुगडं निघालं, रिकामी तंबाखूची डबी, तितर धरायच्या फासाच्या केसाळ दोरीचं एक जुनं वेटोळं. बा दाराशी उभा होता. त्याने हात अंगापासून थोडे लांब धरले होते.

"बा, खिसे दाखव जरा. रुमाल धुवायला टाकते."

त्याने सदऱ्याचे दोन्ही खिसे ओढून बाहेर काढले. अर्धं बिस्कीट खाली पडलं.

"शहाणा," मी म्हणाले.

मग मी स्वयंपाकघरात गेले. भांडी विसळली. विभागातून फोन आला, परीक्षेच्या पर्यवेक्षकांची यादी वाचून दाखवायला. दहा मिनिटं गेली असतील. परत आले तर दाराशी बाच्या चपला नव्हत्या. घड्याळात सव्वाचार झाले होते. हजेरीला अजून पाऊण तास होता.

मी पर्स उचलली आणि निघाले. चालत निघाले, कारण आमच्या वसाहतीत प्राध्यापिका पळत नाहीत. कोपरा ओलांडल्यावर मात्र पळाले.

मुल्ला फाटकातच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचं हसू नव्हतं.

"मॅडम, आत नवीन साहेब आहेत. कालच हजर झाले. आपली ती वही त्यांनी घेतली." त्यांनी आवाज खाली आणला. "बाबा आपणहून आले आणि म्हणाले, लिहून घ्या, मी घेतलंय. मी साहेबांना सांगायला गेलो, तर म्हणाले, तुम्ही बाहेर थांबा."

"मारलं?"

"नाही. अजून नाही."

आत बाक होतं, पण बा जमिनीवर उकिडवा बसला होता. हात गुडघ्यांवर, तळवे वर. टेबलामागचे उपनिरीक्षक घोरपडे तरणेबांड होते, वागायला सभ्य होते. मला पाहून त्यांनी खुर्चीकडे बोट केलं.

"तुमचे कोण हे?"

"वडील."

"आपण?"

"डॉक्टर काळे. विद्यापीठात असते."

"अच्छा, अच्छा. बसा मॅडम." त्यांचा आवाज मऊ झाला. "यांचं नाव विचारलं तर फौजदार म्हणतात. मला वाटलं चेष्टा करतायत."

"नावच आहे ते."

"कोण ठेवतं हो असलं नाव?" ते हसले. "मॅडम, वय झालंय, दिसतंय मला. पण माझीही अडचण समजून घ्या. हे चालत आले आणि म्हणाले, मी घेतलं, कबूल आहे. मी विचारलं, काय घेतलं? तर म्हणाले, घड्याळ." त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "मेहेंदळ्यांच्या घरातून काल घड्याळ गेलंय. ते बाहेर कुणालाही माहीत नाही."

मला ते माहीत होतं. उज्ज्वलाताईंनी तासाभरापूर्वी माझ्याच घरात सांगितलं होतं, आणि बा आत जागा होता. हे सगळं मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. सुचलं नाही. मला वाटलं: घेतलं असेल.

मी माझ्या बापाकडे पाहिलं, आणि मला तो आमच्याबद्दल छापलेल्या प्रत्येक अहवालातल्या माणसासारखा दिसला.

"बाबा," घोरपडे म्हणाले, "आणखी काय घेतलं ते सांगा. मॅडमसमोर सांगा. कुणी हात लावणार नाही."

बाने ओठ ओले केले.

"घड्याळ," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "छत्री."

घोरपडे लिहीत होते. छत्रीपाशी त्यांचा हात थांबला.

"आन् केळं."

"काय?"

"केळं, साहेब. तिन्ही म्याच घेतली. घड्याळ, छत्री, केळं. सकाळी बाईसाहेबांनी इचारलं तवा न्हाई म्हनलो. पुन्यांदा इचारलं तवा बी बोललो न्हाई. आता कबूल हाय."

दाराशी मुल्ला खोकले. मी पर्स उघडली. डॉक्टरांचा कागद काढला, तो घोरपड्यांनी हातातून ओढून घेतला. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला, मग पुन्हा मधला रकाना वाचला.

"तीनपैकी शून्य," ते मोठ्याने म्हणाले. "पण यांना तर तिन्ही आठवतात की. कमाल आहे. डॉक्टरांपुढे शून्य, आणि आमच्यापुढे पैकीच्या पैकी."

ते मनापासून हसले. त्यांना विनोद कळला होता, पण कुणाचा आहे ते कळलं नव्हतं.

"जा घेऊन, मॅडम. उगाच तुम्हाला त्रास झाला." मग ते बाच्या बाजूला वाकले. "पण काय हो बाबा, केलं नाही ते कबूल कशाला केलंत? कुणी दम दिला?"

"झडती झाली, साहेब."

"कुठे झडती झाली?"

"घरात." बा आता सरळ त्यांच्याकडे बघत होता. त्याचा आवाज स्पष्ट होता, कितीतरी महिन्यांत नव्हता इतका. "अंथरूण उलटं केलं. पेटी उघडली. खिसं काढाया लावलं. झडती झाली म्हंजी आता न्ह्यायला येनार. बाप्यानं आपनहून यावं, न्हाईतर बायकास्नी नेत्यात. माझ्या आईला न्हेली व्हती, बायकूला न्हेली व्हती. घरात कचेरी हाय, साहेब. तिला नेऊ नका. म्या आलोय न्हवं?"

"कचेरीत कोण आहे?"

"कचेरी, साहेब. कचेरी हाय घरात."

घोरपडे माझ्याकडे वळले. हसू गेलं होतं. "कुठल्या कचेरीबद्दल बोलतायत? आणि झडती कुणी घेतली? आमचा एकही माणूस तुमच्या घरात गेलेला नाही. गेल्या महिन्यात तोतया पोलिसांच्या दोन तक्रारी आल्यात, म्हणून विचारतो. कुणी आलं होतं का घरी?"

मी पर्सची चेन लावली.

"का हाही भ्रमच?" त्यांनी डॉक्टरांच्या कागदावर बोट टेकवलं. "तसं असेल तर तसं लिहितो. सही करा आणि घेऊन जा."

एक 'हो' पुरेसा होता. कागद माझ्या बाजूने होता, खुर्ची माझ्या बाजूने होती, आडनाव तर होतंच. भ्रम झालेल्या निवृत्त कर्मचाऱ्याला त्याची विदुषी मुलगी घरी घेऊन जाईल, आणि समोरच्यांची वाटी धुऊन परत जाईल. मी ओठ उघडले.

बा माझ्याकडे बघत होता. "सांग की साहेबांना," तो म्हणाला. मराठीत नव्हे, आमच्या बोलीत. चौकीत, उघड्या खिडकीशी. "झाली का न्हाई झडती?"

त्या दिवसभरात त्याला वार आठवला नव्हता, महिना नाही, आकडे नाहीत. हे एवढं मात्र त्याने अचूक सांगितलं होतं, आणि माझ्याकडून त्याला दाखला हवा होता. शेवटी मी संशोधकच. पुरावा समोर असताना तो नाकारायचा कसा, हे मला माहीत होतं. इतरांना ते करताना मी आयुष्यभर पकडत आले होते.

"झाली, बा," मी आमच्या बोलीत म्हणाले. मग मराठीत म्हणाले, "भ्रम नाही, साहेब. झडती झाली. मी घेतली. कचेरी माझं नाव आहे. आम्ही फासेपारधी."

घोरपड्यांनी टोपण लावलेलं पेन पुन्हा उघडलं. ते उद्धटपणे काही बोलले नाहीत. 'मॅडम' मात्र नंतरच्या वाक्यात नव्हतं.

"काल चार ते सहा तुम्ही कुठे होता?"

"विभागात. बैठक होती."

"कुणी सांगू शकेल?"

"अकरा जण."

"आणि हे? हे कुठे होते?"

तोच प्रश्न. बाचे हात डोक्याकडे जाताना मी पाहिले आणि उठून ते धरले. मला उत्तर माहीत नव्हतं. चिखलाच्या चपला माझ्या डोळ्यांपुढे होत्या, आणि मी किती भ्याले होते ते आता सांगून कुणाला पटणार नाही.

"साहेब," दारातून मुल्ला म्हणाले. ते आत आले होते. "वही बघा ना. आपल्यापुढेच आहे."

"ही आहे तरी कसली वही?"

"हजेरीची. काल फौजदार चारच्या आधीच आले, घरी कुणी नव्हतं म्हणून. पावणेचारचा अंगठा आहे, वेळ माझ्या हातची आहे. सव्वासहापर्यंत बाकावर होते. दोनदा चहा दिलाय. मागच्या नळाशी पाय धुवायला गेले तेव्हा चिखलात घसरले, मीच उठवलं."

घोरपड्यांनी पान उलटलं. निळा अंगठा होता, त्याच्या शेजारी तारीख, तिच्या शेजारी वेळ. बराच वेळ त्यांनी तो पाहिला. "ही वही कुठल्या आदेशानं ठेवलीत, मुल्ला?"

"कुठल्याच नाही, साहेब. म्हाताऱ्याला झोप लागते म्हणून."

ज्या हजेरीने आमच्या तीन पिढ्यांचं वाटोळं केलं, तिने त्या दिवशी एका माणसाला सोडवलं. असल्या विरोधाभासावर परिसंवादात टाळ्या मिळतात. मला फक्त हे कळत होतं की चौकीपर्यंत चालत येऊन मुल्लांना एक प्रश्न विचारला असता, तर गादी उचलावी लागली नसती.

आम्ही बाहेर पडलो. ऊन अजून होतं. फाटकाशी बा थांबला आणि मागे वळला. "अंगठा ऱ्हायला," तो म्हणाला. पाच वाजत आले होते. मुल्लांनी घोरपड्यांच्या दाराकडे एकदा पाहिलं, मग खिशातून पोस्टकार्ड काढलं आणि त्याच्या पाठीवर बाचा अंगठा घेतला.

"इथून पुढे घरीच लावा, फौजदार," ते म्हणाले. "माझी बदली होईल असं दिसतंय."

झाली. पंधरवड्यात झाली.

मेहेंदळ्यांचा चोर सापडला नाही. त्या चौकशीसाठी पोलीस माझ्या घरी त्या महिन्यात तीन वेळा येऊन गेले. आधीच्या वीस वर्षांत एकदाही आले नव्हते. उज्ज्वलाताईंची वाटी मी धुऊन, त्यात साखर घालून परत केली. ती त्यांनी दारातच घेतली. डॉ. टिळेकरांना मी फोन करून सांगितलं की वडिलांना तिन्ही शब्द आठवले, फक्त सहा तासांनी. त्या म्हणाल्या, "छानच की. पण उशिरा आलेलं उत्तर आपण धरत नाही."

बा त्यानंतर दीड वर्ष जगला. मी खिडक्या उघड्या ठेवायला लागले आणि दिवसाला एक बाई ठेवली, तिला आधीच सगळं सांगून. तीन जणी नको म्हणाल्या, चौथी राहिली. हजेरी आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेत असू. नाव मी विचारायची, अंगठा तो लावायचा.

मग तेही त्याच्याकडून गेलं. स्वतःचं नाव गेलं. माझं गेलं, दोन्ही गेली. शेवटच्या हिवाळ्यात मी कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण मी विद्यापीठातून येऊन त्याच्या खोलीत पाऊल टाकलं की तो खाटेवरून उठे, भिंतीला टेकून उभा राही, सदऱ्याचे दोन्ही खिसे ओढून बाहेर काढी, आणि मी 'शहाणा' म्हणेपर्यंत तसाच उभा राही.